धुक्यातला उतारू

मनुबाई भोईण आयुष्यात दोनदा कोर्टाची पायरी चढली, आणि दोन्ही वेळा शेवटचा शब्द मुंबईच्या हायकोर्टाचा झाला. पहिल्या निकालानं तिला नाव मिळाली. दुसऱ्या निकालानं डोळे नेले, असं ती म्हणायची. तसे डोळे शाबूत होते. सुईत दोरा ओवायला तिला कुणाची गरज लागत नसे. पण तो निकाल लागल्यापासून समोरचं माणूस खरोखर समोर आहे की नाही, याची तिला खात्री वाटेनाशी झाली.

डोहवाडी कराडच्या खाली, कृष्णेच्या उजव्या काठावर. गाव अलीकडं आणि गावाची निम्मी रानं पलीकडं, नदीच्या गाळानं भरलेल्या मळीत. त्यामुळं नावेशिवाय गावाचं पान हलत नसे. वैरण, शेणखत, भाकरीच्या बुट्ट्या, शेरडं, सासरी निघालेल्या पोरी, सगळं नावेतून जायचं. नाव भोयांची. सुगीला गाव त्यांना खळ्यावर धान्य घालायचं. मनुबाईचा नवरा नाथाजी पटकीत गेला तेव्हा तिच्या पदरात मूल नव्हतं. तेराव्याचं जेवण उरकलं न उरकलं तोच तिचा दीर बिराप्पा नाव सोडून आपल्या घरामागच्या काठाला बांधून आला. "बाईमानसानं वल्हं धरल्यालं नदीला चालत न्हाई," असं त्यानं पंचांपुढं सांगितलं, आणि पंचांनी माना हलवल्या.

मनुबाई भांडत बसली नाही. गळ्यातली पुतळ्यांची माळ मोडली आणि कराडला नानासो वकिलांच्या ओसरीवर जाऊन बसली. नानासो बोलायला तुसडे, पण कामाला चोख. कराडात ती हरली, साताऱ्यात जिंकली, बिराप्पा मुंबईला गेला आणि तिथंही तिचंच खरं झालं. नवऱ्याच्या माघारी हक्क बायकोचा, आणि बाईनं नाव चालवू नये असा काही कायदा नाही, असं वरच्या कोर्टानं म्हटलं. नानासोंनी ते मराठीत करून सांगितलं तेव्हा मनुबाईनं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग तिनं विचारलं, "आवं वकीलसाहेब, त्यांनी आमची नदी बघितली हुती का?"

"कागदात बघितली," नानासो म्हणाले.

मनुबाईला ते नवल वाटलं. कधी न पाहिलेल्या माणसानं, कधी न पाहिलेल्या गावात बसून तिचं नाव घेतलं होतं, आणि इथं बिराप्पानं मुकाट्यानं नाव आणून दिली होती. घरी येऊन तिनं वल्ह्याला हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. सुरुवातीला लोक जरा बिचकले. मग सवय झाली. दोन पावसाळे गेले तेव्हा तर नाव म्हणजे मनुबाई, असंच पोरंसोरं धरून चालली.

तिचा हात धीमा होता. पाण्याशी ती कधी झोंबत नसे. डोहावर आली की वल्हं उचलून धरायची आणि नावेला आपली आपण जाऊ द्यायची. कोण कुठं बसतं, कोण गप्प बसतं, कोण घाबरून कडा धरतं, हे तिला ठाऊक होतं. रोजचीच माणसं ती.

लढाई चालू होती ते दिवस. घराघरातलं एखाददुसरं पोरगं पलटणीत गेलेलं, रॉकेलला रांगा लागलेल्या, आणि साताऱ्याकडं भूमिगतांची धामधूम. पण डोहवाडीत त्या वर्षी जे घडलं त्याचा या कशाशी संबंध नव्हता. ते घरातलंच भांडण होतं.

गावात हंबीरराव म्हणून एक शेतकरी होता, आणि मानसिंग त्याचा पुतण्या. मानसिंग लहान असतानाच त्याचा बाप गेला होता. आई शालूबाईनं त्याला वाढवलं. पुरानं मळीची हद्द खाल्ली आणि काठाचा एक चांगला काळाशार तुकडा चुलत्याच्या अंगाला आला की पुतण्याच्या, यावरून दोघांचं कोर्टात लागलं होतं. निकाल हंबीररावाच्या बाजूनं गेला. त्या दिवशी चावडीपुढं मानसिंग म्हणाला होता, "बघू आता, ती मळी कोन कसतंय ते." तरणा माणूस रागात बोलतो तसंच तो बोलला. पण ऐकणारे पुष्कळ होते.

पुढं मार्गशीर्ष लागला. नदीवर धुकं नेहमीच असायचं, पण त्या सकाळचं धुकं मनुबाईनं आधी पाहिलं नव्हतं. काठावर उभं राहून खाली बघितलं तर आपलीच पावलं दिसत नव्हती. पाण्याचा आवाजसुद्धा कुणीतरी वर कांबळं टाकल्यासारखा दबका येत होता. एवढ्या पहाटे कोण येणार, म्हणून ती नावेतलं पाणी उपसायला वाकली. वर बघते तो नावेच्या पुढच्या अंगाला माणूस बसलेला.

कधी चढला ते तिला कळलं नव्हतं. घोंगड्याची खोळ डोक्यावरून पुढं ओढलेली. एक गुडघा उभा, त्याला हाताची मिठी, मान खाली. मानसिंग असाच बसायचा. बापाच्या खांद्यावरून पहिल्यांदा नावेत आला तेव्हापासून त्याची बसायची ती तऱ्हा होती.

"काय रं, ताप उतरला का?" मनुबाईनं विचारलं. आदल्या दिवशी शालूबाई घाटावर सांगत होती, पोराला हिवताप भरलाय म्हणून.

तो बोलला नाही. तापानं माणूस थकतं, बोलायचं जिवावर येतं. मनुबाईनं नाव सोडली. नावेच्या तळाशी अजून पाणी होतं, त्याची पावलं त्यात बुडालेली तिनं पाहिली आणि म्हणाली, "पाय वर घे, गार हाय." त्यानं पाय हलवले नाहीत. डोह मागं पडला. पलीकडं नाव रेतीला लागली तसा तो उठला आणि उतरला. उतरताना पाण्याचा आवाज झाला नाही, हे मनुबाईला पुढं पुष्कळ दिवसांनी आठवलं. त्या वेळी तिनं एवढंच पाहिलं की घोंगड्याची पाठ धुक्यात गेली, आणि जिथून गेली तिथलं धुकं हललंसुद्धा नाही.

परत येताना नाव जड लागत होती. वाऱ्याचा मागमूस नव्हता, धार नेहमीचीच होती, आणि तरी वल्हं ओढताना खांदे भरून आले.

दुपारी पलीकडून किंकाळी आली. हंबीररावाची बायको धोंडुबाई भाकरी घेऊन मळीतल्या खोपीवर गेली होती. रात्रीपासून तिथं राखणीला असलेला हंबीरराव खोपीच्या दारात पालथा पडला होता, आणि त्याचीच कुऱ्हाड त्याच्या शेजारी होती. मनुबाईच्याच नावेतून मढं अलीकडं आलं. धोंडुबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि रडत नव्हती.

फौजदार दुसऱ्या दिवशी आला. पाटलाच्या सोप्यात त्यानं एकेकाला बोलावलं. मनुबाईला विचारलं, "काल सकाळी पहिल्यांदा पलीकडं कोण गेलं?"

"मानसिंग," मनुबाई म्हणाली.

कुणी गेलं-आलं विचारलं तर नावाडी सांगतो तसंच तिनं सांगितलं. शब्द तोंडातून गेला, फौजदाराचं लिहिणं थांबलं, सोप्यात बसलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली, आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो.

संध्याकाळी शालूबाई तिच्या दारात आली. उंबऱ्यावरच बसली.

"मने, माझा ल्योक तापानं फणफणत हुता गं. मी उशाशी बसून पट्ट्या बदलत हुते. दिस उगवस्तवर त्यो हातरुणातनं हलला न्हाई. तू त्याला कवा बघितलास?"

"नावंत बघितला, आक्का."

"माझ्या गळ्याची आन घे."

"तू खोटं बोलत न्हाईस ह्ये मला ठावं हाय," मनुबाई म्हणाली. "पन मी बी न्हाई."

दोघींनाही रागवायचं होतं आणि कुणालाच रागवता येत नव्हतं.

साताऱ्याच्या सेशन कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा मानसिंगच्या बाजूनं नानासोच होते. मनुबाईला बघून त्यांनी मान लववली, जशी ओळखीच्या माणसाला लववतात, आणि मग ओळख नसल्यासारखे उलटतपासणीला उभे राहिले.

"मनुबाई, त्या सकाळी धुकं होतं?"

"लय."

"तुमच्या जागेवरून नावेचं पुढचं टोक दिसत होतं?"

"न्हाई."

"आणि माणूस टोकाशी बसलेला. मग दिसला कसा?"

"त्यो दिसला. टोक न्हवतं दिसत."

कोर्टात कुणीतरी हसलं. नानासो हसले नाहीत.

"चेहरा पाहिलात?"

"खोळ हुती."

"बोलला?"

"न्हाई."

"परत आला तुमच्या नावेतून?"

"न्हाई. परत कुनीच आलं न्हाई."

"पण सूर्य उगवला तेव्हा मानसिंग घरात अंथरुणावर होता, हे शेजाऱ्यांनीही सांगितलंय. नावेतून आला नाही म्हणता. पोहून आला असेल, तर घरात अंगावरचा एकही ओला कपडा कुणाला दिसला नाही. मग गेलेला माणूस आला कुठून?"

"मला ठावं न्हाई," ती म्हणाली. त्या वेळी आरोपीला बसायला सांगितलं होतं. तिची नजर सहज पिंजऱ्याकडं गेली. मानसिंग खाली फरशीवर बसला होता; एक गुडघा उभा, त्याला हाताची मिठी, मान खाली. तिचा हात आपोआप वर गेला. "असाच," ती म्हणाली. "असाच बसला हुता."

साताऱ्यानं मानसिंगला फाशी सांगितली.

फाशीची शिक्षा सांगितली की कागद मंजुरीला मुंबईला जातातच. तिथं नानासोंनी मोठा बॅरिस्टर दिला. भाद्रपदात निकाल आला: मानसिंग निर्दोष. मनुबाई त्या दिवशी कराडच्या बाजारात होती. नानासो वाटेत भेटले आणि स्वतः थांबले.

"मनुबाई, तुमच्यावर ठपका नाही बरं का," ते म्हणाले. "कोर्टानं चांगलं लिहिलंय. बाई खोटं बोलत नाही, असं म्हटलंय. फक्त, तिनं जे पाहिलं असं ती म्हणते, ते तिला दिसणं शक्य नव्हतं."

"म्हंजी मी खोटं बोलले न्हाई."

"नाही."

"आनी मला दिसलं बी न्हाई."

"हो. तसंच."

मनुबाई बाजारातून निघाली ती मिरच्या घ्यायच्या विसरून. वाटभर ती ते वाक्य घोळवत होती. खोटारडी म्हटलं असतं तर तिनं मनातल्या मनात त्या कोर्टाशी भांडण काढलं असतं. पण ज्या कोर्टानं तिला नाव दिली तेच कोर्ट म्हणत होतं की बाई खरी आहे आणि नावेत कुणी नव्हतं. मग तिनं पलीकडं कुणाला सोडलं?

गावानं निकालाची मजा केली. नावेत चढता चढता तरणी पोरं तोंडावर टॉवेल ओढून विचारायची, "मावशे, मी कोन, सांग बरं?" मनुबाई हसायची नाही आणि चिडायचीही नाही. ती खरंच थांबून बघायची, आणि तिला खरंच शंका यायची. हळूहळू तिनं चढणाऱ्याच्या मनगटाला हात लावायची सवय लावून घेतली. लोकांना वाटायचं, आधार देते आहे.

आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही. मळीकडून मोकळी नाव घेऊन येताना कधी कधी नाव पाण्यात जरा जास्त दबलेली असायची. पुढचं टोक खाली. जणू तिथं कुणी बसलंय. ती टोकाकडं बघायची नाही. वल्ह्याकडं बघत अलीकडं यायची, उतरायची, आणि मग वळून बघितलं की नाव हलकी होऊन डुलत असायची.

मानसिंग सुटून आला तो अर्धा झाला होता. गालफडं बसली होती. आई त्याला घराबाहेर पडू देत नव्हती. नावेकडं तो फिरकला नाही. पण दिवाळीनंतर एकदा दुपारी, मनुबाई नाव काठावर पालथी घालून फटींत राळ भरत होती, तेव्हा तो येऊन उभा राहिला.

मनुबाईचे हात थांबले. तिला भीती वाटली, पण माराची नाही.

"बस," ती म्हणाली.

तो उभाच राहिला. "मावशे, तुला एक इचारायचंय. त्या दिशी नावंत पानी हुतं का? तळाला?"

"व्हय. उपसायचं राह्यलं हुतं."

मानसिंगचा चेहरा पडला. काठावरच्या दगडावर तो खाली बसला, पण या वेळी दोन्ही पाय पसरून, जाणून बुजून.

"माझे पाय गार पडल्यालं मला आठवतंय," तो म्हणाला. "आईच्या मांडीवर डोकं हाय, कपाळावर पट्टी हाय, चूल दिसतीया. आनी पाय पान्यात हायती. लय गार. कुनीतरी म्हनतंय, पाय वर घे. मला वाटलं, आईच म्हनतीया. पन आईला मी मागनं इचारलं, ती न्हाई म्हनली."

मनुबाईनं हातातली राळ खाली ठेवली. पाय वर घे, हे ती कोर्टात बोलली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

"ह्ये तू वकिलाला सांगितलंस?"

"काय सांगू? घरी हुतो आनी नावंत बी हुतो, असं सांगू? कोर्टानं इचारलं तवा मी म्हनलो, आजारी हुतो. ते खरंच हाय." तो नदीकडं बघत होता. "हायकोर्ट म्हनतंय मी न्हवतो. आई म्हनती न्हवतो. तू एकटी म्हनतीस, हुतो. मला सांग मावशे, मी पलीकडं उतरलो त्याच्या म्होरं काय झालं?"

"मला कसं ठावं आसनार, पोरा?"

"मला बी न्हाई," मानसिंग म्हणाला. "नाव रेतीला लागल्याचं आठवतं. त्याच्या म्होरं काय न्हाई. त्यो गेला त्यो आजून आला न्हाई बग."

तो उठून गेला. मनुबाईनं राळेचं भांडं उचललं तर राळ थिजून गेली होती.

मार्गशीर्ष पुन्हा आला, आणि एका सकाळी तसंच धुकं पडलं. मनुबाईनं ठरवलं होतं की असल्या धुक्यात नाव सोडायची नाही. ती घाटाच्या पायरीवर पदर गुंडाळून बसली. तेवढ्यात पलीकडून हाक आली. मोठी नव्हती, पण पाण्यावरून स्पष्ट आली. "मावशेऽ, नाव!"

पलीकडं रात्री राखणीला कुणी ना कुणी असतं. कुणाला बरंवाईट झालं असेल तर? हाक आल्यावर नावाडी बसून राहत नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. तिनं नाव सोडली. डोहावर आली तेव्हा तिला अलीकडचा काठ दिसत नव्हता आणि पलीकडचाही दिसत नव्हता. वर, खाली, चहूकडं एकच पांढरं होतं. नाव रेतीला लागली तशी ती उठली, चढणाऱ्याचं मनगट धरावं म्हणून. पण ती पुढं होईपर्यंत तो बसलाही होता.

खोळ. उभा गुडघा. हाताची मिठी.

"मानसिंगा," मनुबाई म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. तिच्यानं पुढं होऊन हात लावणं झालं नाही. मग तिनं वल्हं हातात घेतलं, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. नाव इतकी जड होती की प्रत्येक ओढीला तिच्या तोंडातून आवाज निघत होता. अर्ध्यावर ती हळूच म्हणाली, "इतकं दिस कुठं रं राह्यलास?" घोंगड्याला ओल्या वैरणीचा, धुराचा वास येत होता.

घाट जवळ आला असावा, असं पाण्याच्या आवाजावरून तिला वाटलं. तेवढ्यात काठावरून कुणीतरी बोललं.

"मावशे, कोन हाय नावंत?"

तो मानसिंगचा आवाज होता. काठावरून.

मनुबाईनं वल्हं थांबवलं. तिनं टोकाकडं बघितलं. खोळ तिथंच होती. "तूच हायस," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

काठावरचा माणूस पळाला नाही. धुक्यात त्याचा अंधुक आकार तिला दिसू लागला, पायरीवर उभा. नाव पायरीला टेकली. टोकाशी बसलेला उठला आणि उतरला, पुन्हा आवाज न करता, आणि उभ्या असलेल्याकडं चालत गेला. आता ते दोघं समोरासमोर आहेत, असं मनुबाईनं पाहिलं. मग धुक्याचा एक लोट मधे आला.

तो विरला तेव्हा पायरीवर एकटा मानसिंग होता. अंगावर घोंगडं नव्हतं, नुसती बंडी होती. घोट्यापर्यंत पाय ओले होते, आणि तो पायांकडं बघत होता. नाव मनुबाईच्या पायाखाली पाचोळ्यासारखी हलकी झाली होती.

ती उतरली, जवळ गेली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. ते गरम होतं. नाडी उडत होती.

"मानसिंगा, आठवलं का रं?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मनुबाईनं नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणायची की ती नजर बघितल्यावर दुसऱ्यांदा विचारायची सोय राहिली नव्हती. तो पायऱ्या चढून गावाकडं गेला. ओली पावलं दगडांवर उमटत गेली. ती मात्र तिनं नीट बघितली, वाकून, बोट लावून. एकाच माणसाची होती.

त्याच आठवड्यात मानसिंग कराडला नानासोंकडं गेला. दोघांचं काय बोलणं झालं ते नानासोंनी गावाला सांगितलं नाही, पण नावेतून जाताना एकदा ते मनुबाईजवळ म्हणाले, "माणूस एकदा सुटला की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभा करता येत नाही, मनुबाई. त्यानं स्वतः येऊन सांगितलं तरी वरच्या कोर्टाचा निकाल तो निकाल. मी त्याला तेच सांगितलं." आणि मग, नाव डोहावर असताना, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्हाला खरंच दिसला होता?"

मनुबाईनं वल्हं उचलून धरलं. तिच्याकडचं उत्तर वकिलाला देण्यासारखं नव्हतं.

मानसिंगनं मळीत त्याच्या वाटणीचं जे काही होतं ते सगळं धोंडुबाईच्या नावानं करून दिलं. गाव म्हणालं, पोरगं तुरुंगात राहून साधू झालं. होळीच्या आधी तो गाव सोडून पाचगणीला गेला आणि तिथं एका बंगल्यावर माळीकाम करू लागला. तिकडून आलेली माणसं सांगायची, काम चांगलं करतो, बोलत नाही, पावसाळ्यात ढग डोंगरावर उतरले की खोलीचं दार लावून घेतो.

धोंडुबाई मळी कसू लागली. वांगी लावली, मिरची लावली. रोज सकाळी ती मनुबाईच्या नावेतून जायची. एक दिवस तिनं विषय काढला. "मने, तुझं खरं हुतं. आता तरी गावाला सांग की."

"काय सांगू, धोंडे? शालूआक्काचं बी खरं हुतं."

धोंडुबाईला ते पटलं नाही, पण तिनं वाद घातला नाही. परतताना ती टोपल्यातली चार वांगी काढून नावेत ठेवायची, तशी त्याही दिवशी ठेवली.

पोरगा गेल्यापासून शालूबाई घरात एकटी होती. लढाई संपली, राज्य बदललं, चावडीवर नवा झेंडा लागला; तिला कशाचं काही नव्हतं. एका थंडीत, धुकं नुसतं पाण्यालगत लोळत होतं अशा सकाळी, ती काठी टेकत घाटावर आली आणि नावेत येऊन बसली. पलीकडं तिचं काही राहिलं नव्हतं. मनुबाईनं कुठं म्हणून विचारलं नाही.

नदीच्या मधोमध शालूबाई म्हणाली, "मने, आता माझं काय उरलं न्हाई बग. एक सांग. माझं लेकरू त्या दिशी घरातच हुतं न्हवं? माझ्या मांडीवर?"

मनुबाईनं वल्हं उचलून आडवं ठेवलं. पुढं सरकून तिनं म्हातारीचं मनगट हातात घेतलं. हाडं नुसती.

"व्हय, आक्का," ती म्हणाली. "तुझ्या मांडीवरच हुतं."

शालूबाईनं डोळे मिटले. धारेनं नाव आपली आपण खाली जाऊ लागली होती. मनुबाईनं ती थोडा वेळ तशीच जाऊ दिली.